लोणारचा राक्षस आणि जानेफळचे वाचक

मराठी समीक्षेचा इतिहास जो कोणी लिहील, त्याला जानेफळचं नाव टाळून पुढे जाता येणार नाही, असं माझं बऱ्याच वर्षांचं मत आहे. पुण्यामुंबईत कादंबरीचा घाट आणि आशय यांवर वाद झडत होते, त्याच काळात आमच्या गावात एका कादंबरीवर भर दुपारी सभा भरली, वाचक तावातावाने बोलले आणि कोणीही कोणाचं ऐकलं नाही. समीक्षेला याहून अधिक काय लागतं? कादंबरी जवळजवळ कोणीच सबंध वाचलेली नव्हती, एवढीच काय ती उणीव. पण ती फक्त जानेफळातच असते असं मला पुढच्या आयुष्यात आढळलं नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन काही वर्षं झाली होती. मी कॉलेज संपवून गावच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो आणि मामांकडे राहत होतो. मामांनी लग्न केलेलं नव्हतं. शेत बटाईने दिलेलं, आणि स्वतः दिवसभर वाचनालयात. वाचनालय म्हणजे गावच्या सहकारी सोसायटीच्या गोदामाला लागून असलेली एक खोली. दोन कपाटं, एक लांब बाक, खुंटीवर कंदील. खोली सोसायटीची, पुस्तकं गावाची आणि झाडलोट मामांची, अशी तिथली घटना होती.

नवं पुस्तक आलं की मामा ते मांडीवर घेत, पुठ्ठा सोडवत, शिवणीचा दोरा पात्याने कापत आणि पुस्तकाचे चार भाग करत. प्रत्येक भागाला खोक्याच्या पुठ्ठ्याचं वेगळं कव्हर चिकटवत. प्रत एक आणि वाचक पुष्कळ, त्यावरचा हा उपाय. नियम असा, की जो भाग हाताशी असेल तो न्यायचा. मी पहिल्यांदा तक्रार केली तेव्हा मामा म्हणाले, "भाचेबुवा, क्रमानंच वाचाचं असन त पोथी वाचा." त्यामुळे आमच्या गावात खून कोणी केला हे लोकांना आधी कळे आणि कोणाचा झाला ते पुढच्या महिन्यात. त्याने कोणाचं काही बिघडत नसे. राहिलेल्या भागात काय असेल ते प्रत्येक जण आपल्या मनाने भरून काढी, आणि ते पुष्कळदा छापलेल्यापेक्षा बरं असे.

मामांचा दुसरा नियम असा, की कोणाकडे काय वाचायला आहे ते वाचनालय सांगत नाही. "वैद्यानं अन् मी, दोघायनं तोंड बंद ठेवलं पाह्यजे," ते म्हणत. गावचे वैद्य हा नियम पाळत नसत. मामा पाळत.

तर त्या साली उन्हाळ्यात पुण्याच्या एका लेखकाची रहस्यकादंबरी आली आणि गाव हललं, कारण ती आमच्या लोणारवर होती. लोणारच्या तळ्याची कथा आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. विष्णूने तिथे राक्षस मारला, त्याचा खड्डा झाला आणि पाणी आहे ते त्याचं रक्त. कादंबरीत एक दाढीवाला शास्त्रज्ञ त्या तळ्याच्या गाळातून राक्षसाच्या रक्ताचा थेंब मिळवतो, त्यातून राक्षसाचं बीज वेगळं काढतो आणि माणसाच्या बीजाशी त्याचा संकर करून गुहेत फौज वाढवतो. ही फौज दिल्लीवर चालून जाणार, तेवढ्यात लष्करातला एक देखणा कॅप्टन पिस्तूल घेऊन येतो. पहिल्याच पानावर तो बुलढाणा स्टेशनवर गाडीतून उतरतो. बुलढाण्याला रेल्वे नाही. पण हे वाक्य छापील होतं, त्यामुळे सरकारने मंजूर केली असावी असं काही वाचकांना वाटलं, आणि एक जण तर खात्री करायला तालुक्याला जाऊन आला.

आता अध्यक्षांविषयी सांगायला हवं. ते महसूल खात्यातून निवृत्त होऊन गावी आलेले, सोसायटीचे अध्यक्ष. घरात बोलताना वऱ्हाडी आणि उंबरठ्याबाहेर छापील मराठी, अशी त्यांची पद्धत होती. हायब्रीड ज्वारी नुकतीच आलेली, आणि तिचा प्रसार हे आपलं जीवितकार्य आहे असं त्यांनी जाहीर केलेलं. पावसाआधी बियाण्याचा ट्रक येणार होता. गोदामात खताने जागा उरली नव्हती. त्यांची नजर शेजारच्या खोलीवर होती, पण वाचनालय उठवलं असं नाव त्यांना नको होतं. ते गावोगावी वाचनसंस्कृतीवर भाषणं देत.

अशात त्यांना घरातल्या कोनाड्यात या कादंबरीचा तिसरा भाग सापडला. कॉलेजातल्या मुलाने आणला असेल असं समजून त्यांनी तो चाळला. तिसऱ्या भागात कॅप्टन साखळदंडात असतो आणि शास्त्रज्ञ पानंच्या पानं व्याख्यान देतो. देव आणि दानव यांत फरक एवढाच, की बीज वेगळं. बाकी सगळं पुराणिकांनी वाढवलेलं. भागाच्या शेवटी कॅप्टनला तळ्यात ढकलतात. अध्यक्षांना हवं होतं ते मिळालं. त्यांनी दवंडी दिली, की धर्माची निंदा करणाऱ्या पुस्तकाविषयी वाचकांचे अभिप्राय घेण्यासाठी सभा भरेल. सभेचा कौल पुस्तकाविरुद्ध गेला तर असलं वाचनालय गावाला नको. खोली बियाण्याला द्यायची आणि पुस्तकं शाळेच्या कपाटात.

मामा त्या आठवड्यात कपाटं पुन्हा पुन्हा पुसत होते. जेवताना एकदा एवढंच म्हणाले, "शाळेच्या कपाटाले कुलूप असते."

मी म्हटलं, "किल्ली मी मागून घेईन."

"तू घेशीन. भाजी विकणारी बाई कोनाले मागन?"

भाजी विकणारी बाई गेल्या महिन्यात या कादंबरीचा दुसरा भाग टोपलीत कोथिंबिरीखाली ठेवून अमडापूरच्या बाजाराला घेऊन गेली होती आणि त्याला अजून वास येत होता.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी वाचनालयातच सभा झाली. पुरुष आत दाटीवाटीने, बायका बाहेर ओसरीत. अध्यक्ष टेबलामागे बसले. हार आणलेला होता. तो कोणी घालावा हे ठरेना, तेव्हा त्यांनी तो टेबलाला घातला.

"रसिक वाचकहो," ते म्हणाले, "प्रश्न एकच. या ग्रंथाने आपल्या श्रद्धास्थानाचा अवमान होतो की नाही? निर्भीडपणे बोला."

पहिल्यांदा आमच्या शेजारचे काका उठले. त्यांची कोरडवाहू ज्वारी, आणि बोलण्यात घाई नाही.

"मले दुसरा भाग भेटला होता," ते म्हणाले. "अवमानाचं मले ठाव नाई. पन त्यात थो कॅप्टन तहान लागली म्हनून तळ्याचं पानी पेते. ओंजळ भरून! काऊन बे? वर गोमुखाच्या धारेवर गोड पानी पडून राह्यलं, तिकडं काऊन नाई गेला?"

खोलीत समाधानाची कुजबुज झाली. प्रत्येकाच्या मनात हेच होतं.

"थे पानी हातावर घेतलं त साबनावानी बुळबुळ करते," दुसरा म्हणाला. "पेल्यावर थो दोन दिवस पिस्तूल धरनार नाई, लोटा धरन."

"अन् पानी म्हंजे राक्षसाचं रक्त ना?" मागून कोणी म्हणालं. "मंग याच्या पोटात बी राक्षस गेला."

"विषयावर या," अध्यक्ष म्हणाले.

"विषयावरच हाय साहेब," काका म्हणाले. "मी सांगतो, हे फौजेचं काम जमत नसते. माणूस अन् राक्षस, दोघायचा संकर. म्हंजे हायब्रीड. पयल्या साली जोरात येते, हे कबूल. पन त्याचंच बी धरून पेरलं त दुसऱ्या साली काई उंच, काई ठेंगने, काई नुसतेच पानाचे. लेखकानं पुढं सैन्य वाढवत नेलं. थे बिघडलं पाह्यजे होतं."

"अन् चव नाई," भाजीच्या मळ्यावाला म्हणाला. "हायब्रीडची भाकर खाऊन पाहा. घास फिरत राह्यते तोंडात."

"राक्षसाची चव कोन पाहते बे?"

"मी भाकरीचं बोलून राह्यलो."

अध्यक्ष ताठ झाले. हायब्रीडची निंदा त्यांच्यासमोर होऊ शकत नव्हती. "हा निव्वळ गैरसमज आहे!" ते म्हणाले. "संकरित वाण कणखर असतं, रोगाला दाद देत नाही, कमी दिवसांत तयार होतं आणि उत्पन्न दुप्पट देतं. बीज दरवर्षी नवं घ्यावं लागतं, एवढंच. शास्त्रशुद्ध रीतीने केलं तर ती फौज उत्तमच तयार होईल!"

मग काका हळूच म्हणाले, "म्हंजे साहेब, तुमी शास्त्रज्ञाच्या बाजूनं?"

हसू ओसरीपर्यंत गेलं. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. हाराची फुलं गळली. "मी त्याच्या बाजूने नाही! या ग्रंथाचा लेखक आहे! तो नास्तिक शास्त्रज्ञ सरळ सरळ जिंकतो आणि देशभक्त अधिकारी बुडून मरतो. हाच अवमान!"

"मरते कुठं?" मळ्यावाला चटकन उठला. "मी चौथा वाचला ना. थो तळ्यात पडते अन् मंग..."

"सांगू नको!" अर्धी खोली ओरडली.

"अबे पन..."

"सांगू नको म्हनलं ना! मी अजून पयल्यातच हाव."

"माहे दोन भाग राह्यले. तोंड उघडलं त पाहा!"

मळ्यावाला खाली बसला, आणि सभा अशा ठिकाणी येऊन थांबली, जिथे मराठीतली दुसरी कुठलीही साहित्यसभा आली नसावी. पुस्तक धर्माची निंदा करतं की नाही हे शेवटावर अवलंबून होतं आणि शेवट ऐकायला कोणी तयार नव्हतं. अध्यक्षांनी हात वर करून मत घ्यायचं म्हटलं, तर लोक म्हणाले, वाचल्याशिवाय कसं देणार? गावाने आधी असा आग्रह कधी धरल्याचं मला आठवत नाही. मी अध्यक्षांकडे पाहिलं. "मंग" या शब्दापुढे काय होतं, ते त्यांनाही हवं होतं असं मला वाटलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "चौथा भाग आणवा. मी स्वतः शेवट पाहतो आणि निर्णय देतो." ते मामांकडे वळले. "कोणाकडे आहे?"

मामा दाराशी उभे होते. "सांगता येत नाई," ते म्हणाले.

"म्हणजे ठाऊक नाही?"

"ठाव हाय. सांगता येत नाई."

"मी सोसायटीचा अध्यक्ष विचारतो आहे."

"हो साहेब."

"मग खोली आजच रिकामी करावी लागेल."

मामांनी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, कीव असल्यासारखं काहीतरी होतं. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. "करतो," ते म्हणाले, आणि पुढे होऊन त्यांनी खुंटीवरचा कंदील काढला. आजवर तो कंदील त्या खुंटीवरून त्यांनी फक्त काच पुसायला काढलेला मी पाहिला होता. काका म्हणाले, "अहो थांबा जरा," पण मामा आता वह्या, डिंकाची बाटली, पात्याचा डबा असं एकेक बाकावर ठेवू लागले होते.

तेवढ्यात ओसरीतून एका बाईचा आवाज आला.

"ठेवा थो कंदील, भाऊजी. चौथा भाग माह्याजवळ हाय."

अध्यक्षांच्या पत्नी दारात येऊन उभ्या होत्या. पदर डोक्यावर, आवाज स्वच्छ. आम्ही त्यांना काकू म्हणत असू. बाहेर त्यांना बोलताना मी फार ऐकलं नव्हतं.

अध्यक्षांचं छापील मराठी एकदम उतरलं. "तुह्याजवळ? तू कायले वाचतं असलं?"

"तिसराबी मीच आनला होता. कोनाड्यातून तुमी काढला." मग त्या थांबल्या. "अर्धा राह्यला माहा. थो आता पान्याखाली हाय, अन् पुढं काय होते थे मले माईत नाई. माहं वाचून होईस्तोवर देत नाई. अन् शेवट जर कोनं सांगतला," इथे त्यांनी आधी मळ्यावाल्याकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिलं, "त घरी सयपाक नाई."

मळ्यावाल्याचा त्यांच्या घरच्या स्वयंपाकाशी काही संबंध नव्हता, तरी त्याने मान खाली घातली.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "वाचकांचं वाचन अपूर्ण असल्यामुळे," ते म्हणाले, "सभा तहकूब करण्यात येत आहे." टाळ्या झाल्या. मामांनी कंदील खुंटीला लावला, आणि मी डबा आणि वह्या जागेवर ठेवल्या.

काकू फक्त दुपारचं भांड्यांचं काम आटोपल्यावर वाचत आणि आवडलेलं पान दोनदा वाचत. त्यांचं संपल्यावर अध्यक्षांनी तो भाग घरातच मागितला. त्यांनी वाचून काय मत दिलं, ते मामांनी विचारलं नाही. बऱ्याच दिवसांनी एकदा अध्यक्ष स्वतःच वाचनालयाच्या दाराशी थबकून म्हणाले, "शेवट जरा घाईत उरकलाय," आणि पहिला भाग आहे का ते विचारलं. तो बाहेर गेलेला होता. कोणाकडे, ते मामांनी सांगितलं नाही.

सभा पुन्हा भरली नाही. ट्रक मात्र वेळेवर आला. त्या पावसाळ्यात बियाण्याची पोती अध्यक्षांच्या घरी बैठकीच्या खोलीत छतापर्यंत रचलेली होती, आणि त्यांना भेटायला येणारे लोक दाराशी उरलेल्या पोत्यांवर बसत.