पिवळ्या पायांचा ससा

जैनबबीच्या मापाच्या वहीत बायकांच्या नावांखाली सशांची नावं आहेत. ‘पारुबाई, छाती छत्तीस, बाही नऊ.’ त्याच्याच खालच्या ओळीत, ‘मखमल, छाती साडेबारा, गळ्याला लागू नये.’ तीस वर्षं गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या या बाईनं सशाचा पट्टाही ब्लाउजसारखाच शिवला. आतून अस्तर, काखेत टोचणार नाही अशी शिवण. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. वसमतहून कुरुंद्याकडं निघालं की बरीच गावं लागतात, त्यांतलंच एक समजा.

सुरुवात एका फळीपासून झाली. जैनबबीचा मुलगा शाकीर नांदेडला कामाला. एका ईदला येताना त्यानं बायकोसाठी, म्हणजे आफिफासाठी, सशांची जोडी आणली. स्वतः महिना महिना येत नाही, म्हणून ससे! जैनबबीनं त्याला तोंडावर सांगितलं, “तू येत जा, सशे कशाला?” पण ससे राहिले. ते स्वयंपाकघरात शिरून कोथिंबीर फस्त करायचे, म्हणून तिनं दारात एक फळी आडवी लावली. पांढरी मखमल फळीवरून उडी मारून आत आली. जैनबबीनं फळीवर फळी ठेवली. मखमल तिच्यावरूनही आली. तिसरी फळी लावून जैनबबी चुलीपाशी बसून बघत राहिली. सशानं कान मागं टाकले, अंग गोळा केलं आणि असा काही वर गेला की तिची तव्यावरची पोळी करपली.

आफिफानं मोबाइलवर शोधून काढलं. परदेशात याचा खेळ आहे, क्लब आहेत, नियम आहेत. सशाला पट्टा बांधायचा, दोरी सैल धरायची, आपण मागून चालायचं. काठी पडली की चूक. आणि सगळ्यात मोठा नियम असा की सशाला ओढायचं नाही. त्याला उडायचं नसेल तर थांबायचं.

“ओढायचं न्हाई?” शेजारची पंचफुलाबाई म्हणाली. तिच्या घरी पिढ्यान् पिढ्या शेळ्यामेंढ्या. “मंग आपल्या गावात हे नवीनच हाये बई.”

सशांना वाढायला सांगावं लागत नाही. वर्षाच्या आत गल्लीत नऊ ससे आणि सात बाया झाल्या. जैनबबीचा नवरा लतीफ पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या बनवतो. त्यानं आधी कपाळाला हात लावला, म्हणाला, “लोक हसतील.” मग तेलाचे रिकामे डबे कापून त्यांना बोटबोट अंतरावर खाचा पाडून दिल्या. त्या खाचांत तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, आडव्या टाकायच्या. तुराटी इतकी हलकी की सशाचं नख लागलं तरी खाली. पंचफुलाबाईनं आपल्या करड्या सशाचं नाव ठेवलं तलाठी. “काहून?” असं विचारलं की ती म्हणायची, “कामाच्या वक्ताला जागेवर सापडत न्हाई म्हणून.”

आता यात कुणाचं काय बिघडत होतं? सात बाया आठवड्यातून एकदा, चार ते सहा, हसत होत्या. बस्स. पण बायकांचं हसणं गावाला फार लांबून ऐकू येतं.

अंगण लहान होतं. ओळीनं आठ काठ्या लावायच्या तर पंधरा-वीस पावलं सरळ जागा हवी, आणि कुत्री येणार नाहीत अशी बंद. अशी जागा गावात एकच होती, ती म्हणजे व्यायामशाळा. सरकारी पैशानं बांधलेली, पत्र्याचं छप्पर, पुढं ओटा आणि लोखंडी शटर. ती ‘युवक व्यायाम मंडळा’कडं. मंडळाचे अध्यक्ष नामाजीभाऊ, वय वर्षं अठ्ठावन्न. या युवकाला जिना चढताना धाप लागते. आत दंड-बैठका कुणी काढल्याचं कुणाला आठवत नाही. आत नामाजीची हळद असते. चैतात पॉलिश होऊन पोत्यात भरली की भाव चढेपर्यंत तिथंच. हे सगळ्या गावाला माहीत होतं. माहीत असणं आणि बोलणं यांच्यात आपल्याकडं एक शटर असतं.

जैनबबीनं आफिफाकडून अर्ज लिहून घेतला. रविवारी दोन तास, झाडून परत देऊ. नामाजी ओट्यावरच बसला होता.

“चाची, ससा उडाला तर व्यायाम कुणाचा? सशाचा. शाळा हाये माणसांची.”

“मंग माणसं कुठं हायेत?”

“येऊन राहिलेत हळूहळू. आणि किल्ली सापडून न्हाई राहिली. सापडली की बघू.”

किल्ली त्याच्या करदोट्याला, कान कोरायच्या काडीशेजारी लोंबत होती. जैनबबीनं ती पाहिली. तिनं पाहिलं हे त्यानंही पाहिलं. आणि तरी तो गालात सुपारी फिरवत बसून राहिला. मला राग येतो तो याच गोष्टीचा. खोटं बोलणाऱ्यानं निदान किल्ली तरी झाकावी. तेवढासुद्धा मान नाही.

मग बाया शाळेच्या पटांगणात जाऊ लागल्या. तिसऱ्या रविवारी कुंपणाच्या भगदाडातून दोन कुत्री आली. मखमल सहाव्या काठीपाशी होती. दोरी जैनबबीच्या हातात, सैल, नियमाप्रमाणं. तिनं ओढली तेव्हा उशीर झाला होता. पट्टा शाबूत राहिला, अस्तराला साधा टाकाही उसवला नाही. आत ससा नव्हता.

ती मेलेल्या मखमलला पदरात घेऊन परत येताना टपरीवरचा प्रेमदास ओरडला, “चाची, आज मंग रस्सा का?”

जैनबबी चालत राहिली. पंचफुलाबाई थांबली. “तुझा पोरगा कबड्डीत पडून येतो तवा त्याला शिजवतो का रे तू?”

टपरीवर कुणी हसलं नाही. प्रेमदासनं मान खाली घातली, पण माफी मागितली नाही. जैनबबीनं मखमलला पेरूच्या झाडाखाली पुरलं आणि वहीतल्या त्या ओळीवर रेघ मारली. लतीफ म्हणाला, “आता बंद कर. जिवावरची हौस.” ती म्हणाली, “कुत्र्याचं चुकलं न्हाई. कुत्र्यानं कुत्र्याचं काम केलं. ती जागा बंद हाये, म्हणून माझी मखमल गेली. हळदीसाठी गेली.” त्या रात्री ती जेवली, भांडीही घासली. फक्त शिवण घेतली नाही. त्या आठवड्यात नामाजीच्या सुनेचे तीन ब्लाउज तसेच राहिले.

पंधरा दिवसांनी नामाजी स्वतः दारात. हातात पेढ्याचा पुडा.

“चाची, बुधवारी जिल्ह्याचे साहेब येऊन राहिलेत व्यायामशाळा बघायला. सामानाचे पैसे मंजूर व्हायचेत. महिलांचा सहभाग पाहिजे म्हणतात. तुमचे सशे आणा.”

“सशाचा व्यायाम चालतो का आता?”

“चाची, मागचं काढू नका.”

पंचफुलाबाई म्हणाली जायचं नाही. जैनबबी म्हणाली जायचं. साहेबालाच विचारायचं.

बुधवारी ओट्यासमोर मंडप, खुर्च्या, टेबलावर पांढरं कापड. नवीन बनियन घातलेले दहा-बारा बाप्ये छाती फुगवून उभे, त्यातल्या निम्म्यांना नातवंडं होती. शटर बंद. किल्ली अजूनही सापडून राहिली नव्हती. ओट्यावर मावतील तेवढ्या चार तुराट्या लावल्या. सकाळी ओटा धुतला होता, फरशी अजून ओली होती. पारुबाईचा ससा उडाला, आफिफाचा उडाला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग तलाठीची पाळी आली. तो पहिल्या काठीपाशी बसला. पंचफुलाबाई नियमाप्रमाणं थांबली. तेवढ्यात नामाजीच्या भाच्यानं फटाक्यांची लड लावली.

तलाठीनं अंग झटकलं, पट्ट्यातून निसटला आणि शटरचा कोपरा वाकलेला होता, त्या फटीतून आत गेला.

पंचफुलाबाई फटीपाशी गुडघे टेकून बसली, लसूणघासाच्या हिरव्या चाऱ्याची पेंढी हलवली, जिभेनं टकटक केलं. बऱ्याच वेळानं तलाठी बाहेर आला. गेला तेव्हा करडा होता. आला तो पिवळाजर्द. ओले पाय पिवळे, पोट पिवळं, मिश्यासुद्धा पिवळ्या. आणि घास दिसताच हा आळशी प्राणी चारही काठ्या ओळीनं उडाला, थेट टेबलावर गेला आणि साहेबांसमोरच्या पांढऱ्या कापडावर पिवळी पावलं उमटवत बसला.

“हा पिवळा कसा झाला?” साहेबांनी विचारलं.

नामाजीनं गालातली सुपारी फिरवली. क्षणभरच. “साहेब, आत महिलांचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम झाला होता.”

“आमाला न्हाई बोलावलं,” जैनबबी म्हणाली.

“तुमाला कसं बोलावतील, चाची?”

“मलाबी न्हाई बोलावलं,” पंचफुलाबाई म्हणाली. “माझं कुंकू जाऊन अकरा वर्सं झाली, मला बोलवूच नका. पर कोणाला बोलावलं, तिचं नाव तर सांगा. हितं समद्या बाया उभ्या हायेत.”

एकीही पुढं आली नाही. जैनबबी साहेबांकडं वळली. “साहेब, शटर उघडायला सांगा. आमाला आठवड्यातून दोन तास पाहिजेत. माझा एक जीव गेलाय उघड्यावर.”

साहेबांनी पिवळ्या कापडाकडं पाहिलं, नामाजीकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. म्हणाले, “तुमची तकलीफ समजली. अर्ज द्या.” चहा घेतला, सशासोबत फोटो काढला, आणि तोही कान धरून. नामाजीनं सत्काराचा नारळ जैनबबीपुढं केला. तिनं तो घेतला नाही. तिचे दोन्ही हात तलाठीचे पाय पुसण्यात होते आणि पिवळा रंग निघत नव्हता.

पुढं काय झालं? काहीच नाही. शटर बंद. गावात महिनाभर पिवळ्या सशाचे विनोद. ज्यांनी चोरी डोळ्यांनी पाहिली त्यांना त्यातला ससा तेवढा लक्षात राहिला.

पण आफिफा गप्प बसली नाही. तिनं माहिती अधिकारात साहेबांच्या अहवालाची प्रत मागितली. पाठपुरावा करून प्रत आली तेव्हा तिनं ती शिलाई मशीनवर ठेवून सासूला वाचून दाखवली. ‘सदर व्यायामशाळेचा महिला नियमित वापर करतात. हळदीकुंकू, ससा-उडी इत्यादी उपक्रम होतात. समाधानकारक.’

जैनबबीनं ते तीनदा वाचायला लावलं. आधी संतापली. आपला सगळा अपमान या माणसानं ‘इत्यादी’त घालून सरकारला विकला होता. मग म्हणाली, “बराबर. करतो म्हनं आपण वापर. तर मंग करू.”

दुसऱ्या दिवसापासून बाया रविवारची वाट न बघता रोज चारला ओट्यावर, अगदी शटरला लागून. एका बाजूला शटर, बाकी तिन्ही बाजूंना लतीफच्या पत्र्याचे आडोसे. कुत्री येईनात. नामाजी एकदा बोलायला आला, तेव्हा आफिफानं त्याला साहेबांचा तोच अहवाल वाचून दाखवला. तो म्हणाला, “मी कुठं नको म्हणालो?” खोटं बोलणाऱ्याची हीच पंचाईत, ते पुढं सांभाळावं लागतं.

दिवाळीनंतर हळदीचा भाव चढला. चारच्या सुमाराला पोती न्यायला टेम्पो आला. टेम्पोवाला म्हणाला, “चाची, जरा बाजूला घ्या.” जैनबबी म्हणाली, “सहाला.” टेम्पोवाला सहापर्यंत बिड्या ओढत बसला आणि अंधार पडला म्हणून रिकामाच गेला. दुसऱ्या दिवशी तो सकाळीच आला, पण पोती एका दिवसात हलेनात. तिसऱ्या सकाळी शेवटचं पोतं बाहेर पडलं, तेव्हा सात बाया खराटे घेऊन दारात उभ्या होत्या. कुणी त्यांना जागा दिली नाही. न्याय झाला नाही. भाव चढला म्हणून जागा रिकामी झाली, एवढंच. पण रिकामी झाली आणि त्या आत होत्या. संध्याकाळी लतीफनं स्वतः घडवलेलं पेटीचं जाडजूड कुलूप आणून शटरला लावलं. किल्ली बायकोच्या हातात देताना म्हणाला, “लोक हसतील वाटलं होतं मला.”

आता यंदाच्या चैतात नवी हळद निघाली. नामाजी ट्रॅक्टर घेऊन आला, पोती लादलेली. शटर उघडं होतं, आत तुराट्या लावलेल्या, पाळी तलाठीची. जैनबबीच्या गळ्यात मापाची पट्टी आणि पट्टीला किल्ली. ती तिनं झाकली नाही.

“चाची, पंधरा दिवसांपुरती जागा द्या. तुमी किल्ली तरी द्या, मी सांभाळून वापरतो.”

“किल्ली सापडून न्हाई राहिली, भाऊ.”

तो किल्लीकडं बघत राहिला. तिनं बघू दिलं.

“बरं, तुमचं हे होऊ द्या. मग बोलू. किती वेळ लागतो?”

“हा शेवटचा. हा उडाला की झालं.”

तलाठी पहिल्या काठीपाशी बसला होता, पाय पोटाखाली घेऊन. फरशीच्या फटींतली हळद अजून निघालेली नाही. रोज सशांचे पाय पिवळे होतात आणि बाया ते पुसतात. पंचफुलाबाई मागं उभी, हातातली दोरी सैल. पाच वाजले. साडेपाच वाजले. उन्हात पोती तापत होती, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर नामाजीकडं बघत होता.

“अहो, जरा ओढा की त्याला!” नामाजी शेवटी ओरडला.

“ओढायचं न्हाई,” जैनबबी म्हणाली. “नियम हाये.”

“मग हा उडणार कधी?”

“त्याच्या मनात आलं की.”

पंचफुलाबाईनं लसूणघासाची पेंढी हळूच पदराखाली सरकवली. सहा वाजायच्या आत ट्रॅक्टर मागं वळला.