मरणताईचं वाक्य

पूल मागे पडला तरी मरणताई बोलेना, तेव्हा घंटी तिच्या तोंडाकडे बघायला लागली. एरवी सुटी झाली की दोघी घरापर्यंत चालत जात, त्या ताईच्या बडबडीसाठीच. "दिवसभर मरायचं, तर संध्याकाळी पाय तरी जिवंत ठेवावेत," असं ताई म्हणायची.

अंतराळयानांचे अधिकारी घडवणाऱ्या शाळेत दोघी नोकरीला. काचेमागच्या कोंदट खोलीत माइकपुढे बसायचं. पलीकडे खोट्या यानात परीक्षार्थी. ताई उल्कांच्या गर्दीत अडकलेल्या यानाची कप्तान होऊन मदत मागायची. घंटीकडे "हवा संपत आली" असल्या सूचना, म्हणून तिचं हे नाव. मदतीला आत शिरलं तर पोराचं यान फुटायचं. मागे फिरलं तर ताईचं मरण शेवटपर्यंत ऐकावं लागायचं. जिंकायची सोयच नव्हती, आणि हे कुणाला सांगायची बंदी. कोण किती मोडतो एवढंच परीक्षक बघत. फार मोडला की घरी.

एकदा एक मुलगी ढसाढसा रडायला लागली. ताईला राहवलं नाही. लिहून दिलेलं सोडून ती बोलून गेली, "राहू दे बाळा, तू घरी जा."

मुलगी तडक आत शिरली. परीक्षक खूश! त्यांनी ते वाक्य कायमचं करून टाकलं. ते ऐकून मागे फिरलेलं पोर घंटीने अजून पाहिलं नव्हतं. ती आपली दर वेळी मनात देवाचं नाव घ्यायची.

"उद्या आमचा धाकटा बसतोय," ताई अखेर म्हणाली.

"अगंबाई! मग सांगून टाक ना त्याला."

"खोटं बोलला की कान लाल होतात गं त्याचे. दारातच पकडतील. लहानपणापासून यानावर जाण्याखेरीज दुसरं काही मागितलं नाही त्याने."

"देव बघेल, ताई."

"बघेल की. परीक्षकही बघतातच."

रस्त्यावरचे दिवे लागले.

"माझा आवाज तो ओळखणारच," ताई म्हणाली. "शिरला तरी मोडेल. आणि फिरला, तर आईला मरताना सोडून आलो, हे जन्मभर उराशी घेऊन बसेल."

ती थांबली. तिने घंटीचा हात धरला.

"उद्या माझ्या जागी तू मर. ते वाक्य तुलाही म्हणावं लागेल, त्यातून सुटका नाही. पण बाई, मायेनं म्हणू नकोस."