सहीचा रकाना

पाचवा तास सुरू झाला आहे आणि कालिंदीबाईंना तो मोकळा आहे. शिक्षकांच्या खोलीत पंखा कुरकुरतो आहे. समोर हर्षला ढोणेची वही. तिच्या आईनं ती काल टेबलावर आणून टाकली आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेली. मुख्याध्यापक म्हणाले, "जाळून टाका बाई, विषय मिटवा." बाईंनी तपासायच्या सवयीनं पेन उघडून वहीतल्या दोन ओळी वाचल्या आणि डोकं टेबलावर टेकलं. आता वाचणं म्हणजे वरातीमागून घोडं.

डोळा लागतो न लागतो तोच कुणीतरी विचारतं, "बाई, आत येऊ?"

दारात हर्षला उभी आहे. दहावी ब. वेण्यांतून पाणी ठिबकतं आहे. अकरा दिवसांपूर्वी तिला कालव्यातून बाहेर काढलं तेव्हाही असंच ठिबकत होतं म्हणे.

"ये," बाई म्हणतात. विद्यार्थिनीला दुसरं काय म्हणणार?

दोघी वर्गात आहेत. फळ्यावर बाईंच्याच अक्षरात गृहपाठ आहे: कादंबरीतल्या मुलीसारखं, घरी न सांगितलेलं एक खरं लिहा. त्या कादंबरीत शेवटी मुलगी घरी खरं सांगते तेव्हा आई तिला म्हणते, हातपाय धू, जेवायला बस. बाईंनी ते वाचून दाखवलं तेव्हा अख्खा वर्ग गप्प झाला होता, आणि बाईंना स्वतःचं केवढं कौतुक वाटलं होतं!

"मी खरंच लिहिलं, बाई. मला एक मुलगी आवडते, असं. फक्त तुम्ही वाचावं म्हणून दिलं होतं."

"सही नव्हती गं," बाई पुटपुटतात. शाळेचा नियमच तसा. आधी पालकांची सही, मग बाईंची तपासणी. रिकामा रकाना बघून त्यांनी गुरुवारी पान न वाचताच वही परत केली होती.

"म्हणून तर घरी दाखवली."

फळ्याच्या जागी आता शेगडी आहे. ढोण्यांचं स्वयंपाकघर. चार पाट मांडलेत, ताटं तीनच. हर्षलाचे वडील भिंतीकडे तोंड करून उभे आहेत, वळत नाहीत. बाईंच्या चपला भिजतात. ओट्याखालून कालव्याचं पाणी आत येतं आहे.

"पप्पा म्हणाले, असली पोरगी माझी नाही. मग सही कोण करणार?" हर्षला वही पुढे करते. "तुम्ही करा ना, बाई. तारीख त्या गुरुवारची टाका."

"अगं, पण मी तुझी कोण?"

"बाई."

कालिंदीबाईंना रडू फुटतं. पेन उमटत नाही. त्या गिरवत राहतात, गिरवतच राहतात. पाणी गुडघ्याला लागतं.

घंटा होते.

खोलीत कुणी नाही. चपला कोरड्या आहेत. पेन मात्र बाईंच्या हातात आहे आणि 'पालकांची सही' या रकान्यात त्यांचं स्वतःचं नाव आहे, पूर्ण. त्या अंगठा फिरवतात तर शाई ओली. खाली तारीख आहे, वही परत केली त्या गुरुवारची.