शेंदरी भिंत

मला रंगांची हौस आहे, आणि हौसेच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. भोरच्या आमच्या घरात मागे एक अरुंद खोली आहे. तिथे ऊन असं येतच नाही, आणि पावसाळाभर भिंतींना ओल धरते. दिवाळीनंतर आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं की तिने चालायला लागेपर्यंत माझ्याकडेच राहायचं, असं ठरलं. गावी, गुंजवण्याच्या घरी, संडास अंगणाच्या पलीकडे, तिथे तिचं कसं निभणार? हे ठरल्यावर मी सगळ्यात आधी गाठलं ते रंगाचं दुकान. खाट, कमोड, धरायचा दांडा वगैरे सगळं नंतर.

शेड कार्डवरचा तो नारंगी बघताक्षणी माझ्या मनात भरला. उत्तरेची भिंत अख्खी या रंगाची करायची आणि खाट अशी लावायची की आईला पडल्या पडल्या समोर तेच दिसावं. बाकीच्या भिंती सायीच्या रंगाच्या, पडद्यांना बारीक नारंगी काठ, कोपऱ्यात पिवळ्या उजेडाचा दिवा. रंग वाळल्यावर खोली खरोखरच ऊबदार दिसायला लागली. नवऱ्याने दारातूनच डोकावून बघितलं आणि म्हणाला, "देऊळ बांधलंयस की काय?" त्याला कशातलंच काही कळत नाही, असं मी त्याला ऐकवलं आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

दवाखान्यातून आई थेट इकडेच आली. वॉकर धरून खोलीच्या दारात आली आणि थबकली. मला वाटलं, पाय दुखला.

"कसा वाटला रंग?" मी विचारलं.

"लई झाक केलंयस गं," ती म्हणाली. मी सुखावले. तिने चपला मात्र खोलीच्या बाहेरच काढल्या. फरशीवर तिच्या पायांना गार लागेल म्हणून मी त्या आत नेऊन ठेवल्या, तर थोड्या वेळाने त्या पुन्हा बाहेर.

डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती. झोपताना पाय सरळ ठेवायचा, गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही, नाहीतर गुडघा वाकलेलाच आखडतो. आणि आई नेमकी पाय पोटाशी घेऊन झोपायची. मी सकाळी चहा घेऊन जावं, तर ही खाटेच्या वरच्या अर्ध्या भागात मुटकुळं करून पडलेली, खालचा अर्धा भाग रिकामा. मी पाय सरळ करून द्यायचे. ती दात आवळून "व्हय, ठेवते आता सरळ" म्हणायची आणि मी पाठ फिरवली की पुन्हा जैसे थे.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई दर वेळी गुडघा चाचपायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. आता जोर लावला नाही तर हा पाय असाच राहील, म्हणायच्या. मला आपल्यावरच ठपका ठेवल्यासारखं वाटायचं आणि त्या गेल्या की मी तो राग आईवर काढायचे. मुळात माझं तोंड फटकळ. ऑफिस, स्वयंपाक आणि तिचं सगळं करून मी मेटाकुटीला आलेली. एकदा मी तिला म्हणाले, "तुला बरं व्हायचंच नाहीये. आयतं मिळतंय ना सगळं हातात!"

जिने उभा जन्म कुणाला पाण्याचा तांब्या मागितला नाही, तिला मी हे म्हणाले. ती नुसती चादरीचा काठ सरळ करत बसली.

एका दुपारी माझं डोकं दुखत होतं म्हणून मी ऑफिसमधून लवकर घरी आले. आईचा डोळा लागला होता. झोपेत तिचा पाय आपोआप लांब झाला होता, अगदी सरळ, टाच भिंतीला टेकलेली. मला इतका आनंद झाला की मी दारातच उभी राहिले. तेवढ्यात ती दचकून जागी झाली. टाच कुठे आहे हे कळलं तशी तिने पाय झटक्याने ओढून घेतला. कळ आली असणार, कारण ती कण्हली. मग तशीच कशीबशी पुढे वाकली, बोटं भिंतीला लावली आणि कपाळाला लावली.

पुस्तकाला पाय लागला की आपण करतो, तसं.

मला तिथल्या तिथे सगळं कळलं. आमच्या भाताच्या खाचराच्या बांधावर शेंदूर फासलेला दगड आहे. त्याच्यापासून लांब चपला काढायच्या, त्याच्याकडे पाय करून बसायचं नाही, हे मला हिनेच शिकवलं. त्याच बांधावर मी वाढले, आणि शेड कार्ड हातात घेतल्यावर मला त्यातलं काहीही आठवलं नाही.

"अगं, पण तो दुकानातला रंग आहे!" मी म्हणाले.

"मला कळतंय की. पर पायाला न्हाई ना कळत," आई म्हणाली. "देवाचा रंग. त्याच्याकडं पाय कसं करू?"

"मग डोकं तिकडे करायचं होतंस."

"उत्तरेला?" तिने माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं. उत्तरेला डोकं करून आमच्याकडे कुणी झोपत नाही.

"मला सांगायचं तरी!"

"तू एवढ्या हौसेनं केलंस. आन लेकीच्या घरी ऱ्हायाचं, वर हे नगं, ते नगं कसं म्हनायचं?"

मी म्हणाले, उद्याच्या उद्या पांढरा मारून घेते. तर तेही तिला नको. लावलेला रंग पुसायचा नाही, म्हणाली. त्याच संध्याकाळी नवऱ्याने आणि मी कपाट बाहेर काढलं आणि खाट आडवी फिरवली, पूर्वेला डोकं. तो त्या देवळाविषयी अवाक्षर बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्या रात्रीपासून आई पाय पसरून झोपायला लागली, पण गुडघा जेवढा आखडायचा तेवढा आखडला होता. बाईंनी पुढे बराच जोर लावून बघितला. शेवटी म्हणाल्या, आता एवढंच.

गावाला जायच्या दिवशी आई काठी टेकत, एका पायाने जरा लवून चालत निघाली. मी तिची पिशवी घेऊन मागे होते. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. त्या आयत्या मिळण्याबद्दल, सगळ्याबद्दल. सकाळपासून शब्द जुळवत होते. ती खोलीच्या दाराशी थांबली, मागे वळली आणि भिंतीसमोर उभी राहिली. काठी काखेत धरून तिने हात जोडले.

"झोपंत पाय लागला आसंल," ती भिंतीला म्हणाली. "चुकलंमाकलं पोटात घाल."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चल, टेम्पोवाला खोळंबलाय." मी हातातली पिशवी सावरली आणि तिच्या मागून चालायला लागले. माझं तिला म्हणायचं अजून राहिलंच आहे.