ओल्या चुन्यावरचा हात

चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतलं ते जुनं चर्च आमच्या यांनी मारलं. होय, मारलंच. हे स्टील प्लान्टच्या सिव्हिल खात्यातून, म्हणजे बांधकामाच्या, अधिकारी म्हणून रिटायर झालेले. आजही मी यांच्यासमोर हाच शब्द वापरते, आणि हे टीव्हीचा आवाज वाढवतात.

शाळेत माझ्यासोबत शिकवणारी माझी सोबतीण त्या चर्चची. रेल्वेतल्या गार्डाची विधवा, मूळची आमच्याच भंडाऱ्याकडली. तिच्यामुळे मी तिथं जाऊ लागले. गोऱ्या साहेबांच्या काळातलं बांधकाम. ना उंच मनोरा, ना टोकदार कमानी. समोर चार जाडजूड गोल खांब, मधे किंचित फुगलेले, त्यांच्यावर रुंद त्रिकोण, आणि दोन्ही अंगांना अगदी सारख्या उंच खिडक्या. लांबून सगळं दगडी वाटायचं. आत विटा, वरून चुन्याचा गिलावा. सेक्टर ६ मधल्या आमच्या एका साच्याच्या क्वार्टरांतून तिथं गेलं की मान आपोआप वर व्हायची.

त्यांच्यात एक रीत होती. लग्नाच्या आदल्या दिवशी डावीकडच्या पहिल्या खांबाला ताजा चुना फासायचा आणि नवरीनं हळदीचा हात त्यावर उमटवायचा. ओल्या चुन्यावर हळद बघता बघता कुंकवासारखी लाल होते. तशी झाली की म्हाताऱ्या म्हणायच्या, "घेतलं वं देवानं!" पुढच्या लग्नाला त्यावर नवा थर. त्या थरांत सोबतिणीचा हात होता, तिच्या लेकीचाही. लेक बाळंतपणात गेली. नात हिनंच वाढवली. "एकदा हिचा हात हिच्या मायच्या हातावर पडू दे, मंग मी मोकळी," असं ती सारखं म्हणायची.

पुढे गिलाव्याला पोपडे धरू लागले. चर्चच्या कमिटीनं यांना सल्ला विचारला. झालं! जन्मभर सिमेंट ओतलेला माणूस, दुसरं काय सांगणार? "चुना काय लावून राहिले? सिमेंट लावा, वरून ऑइल पेंट. पुन्हा बघायला नको." मी म्हटलं, "अहो, त्या खांबावर तिच्या लेकीचा हात आहे." तर म्हणाले, "तू मधे भावना आणू नको." भावना म्हणे!

सगळा चुना खरवडला. खाली पडलेल्या ढलप्यांत कुठं लाल दिसतं का, ते सोबतीण दिवसभर बघत बसली. काही सापडलं नाही. खांब मात्र गुळगुळीत झाले आणि ज्यानं त्यानं यांची पाठ थोपटली. पण जुन्या विटांतली ओल आता बाहेर पडेना. दोन-तीन पावसाळ्यांत विटा आतल्या आत भिजल्या बिस्किटासारख्या झाल्या, आणि एके दिवशी सिमेंटचं साल धप्पकन खाली आलं. खांब धोक्याचे ठरले. समोरचा सगळा भाग पाडला, त्रिकोणासकट. त्या दिवशी हे घराबाहेर पडले नाहीत.

मग नातीचं लग्न ठरलं. चर्चच्या अंगणात मांडव पडला. डेकोरेशनवाल्यानं मांडवाच्या तोंडाशी थर्माकोलचे चार पांढरे खांब उभे केले, वर त्रिकोणही. "वा, एकदम सेम टू सेम!" लोक म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

नातीनं डावीकडच्या पहिल्या खांबावर हळदीचा हात दाबला. सोबतीण पुढे झाली आणि त्या हाताकडे टक लावून उभी राहिली. आम्हीही थांबलो. बराच वेळ गेला.

"आजी, चल न, सब रुके हैं," नात म्हणाली.

"थांब वं," ती म्हणाली. "अजून लाल नाई झाला."