लिंबावरचं पोळं

पोळं काढायचं नाही म्हणजे नाही, असं मी आमच्या मोठ्या बाईंना तोंडावर सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी केबिनचं दार लावून घेतलं. वसईतली आमची शाळा चारही बाजूंनी बिल्डिंगांमध्ये अडकलेली, आणि मी तिथली बालवर्गाची टीचर. आवारातल्या लिंबाच्या फांदीला फुलोरी माशांचं, म्हणजे छोट्या मधमाशांचं, तळहाताएवढं पोळं लागलं होतं. आदल्या दिवशी माझ्या वर्गातल्या एका मुलीला त्यातली माशी चावली होती.

चावली, कारण या चिमुरड्या बाईसाहेबांनीच पोळ्याच्या फांदीत पट्टी खुपसली. मी डंख नखाने खरवडून काढला, बर्फ लावला, तिला मांडीवर घेऊन बसले, तिच्या आईला फोन केला. थोड्या वेळाने पोरगी रडं विसरून डबा खायला लागली. पण पालकांच्या ग्रुपवर नुसता भडका. ‘शाळा आहे की जंगल?’ ‘आमच्या मुलाला काही झालं तर?’ दुपारी संस्थेच्या सेक्रेटरींचा निरोप आला, शनिवारी पेस्ट कंट्रोलवाला येईल.

माझं डोकंच फिरलं. अहो, घरात पोराने तापल्या तव्याला हात लावला तर तुम्ही तवा फेकून देता का? पोराला सांगता ना, बाबा रे, लांब राहा! मग इथे काय झालं?

माझी आई इथल्याच गिरीज गावच्या वाडीत अजून भाजी पिकवते. हल्ली तिला भोपळ्याचं नर फूल तोडून मादी फुलावर टेकवत फिरावं लागतं, कारण माशाच येत नाहीत पूर्वीसारख्या. सकाळभर वाकून तिची कंबर धरते. लहानपणी हे असलं काही काम असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. म्हणून तर मी तिच्याकडचं बी आणून शाळेच्या कुंपणावर वेल चढवला होता. फुलामागचा सुपारीएवढा भोपळा पोरांना दाखवला. एका कळीवर कागदी पिशवी बांधून ठेवली, माशी आत जाऊच नये म्हणून. बाकीचे भोपळे फुगायला लागले आणि पिशवीतला तेवढा पिवळा पडून गळाला, तेव्हा वर्गातले दोघे जण चक्क रडले. माझ्या पोरांना माशी म्हणजे काय ते पुरतं कळलं होतं. कळलं नव्हतं ते मोठ्यांना.

मोठ्या बाई मात्र मला समजावत होत्या. “अगं, मुलांना सांग, माशा गावाला गेल्या. सुट्टीत आपण नाही का जात? विसरतात गं पोरं.”

गावाला गेल्या! कोकणातल्या का देशावरच्या, विचारायला हवं होतं. मी म्हटलं, “मी खोटं सांगणार नाही. मारायच्या असतील तर सेक्रेटरी सरांनीच वर्गात येऊन तसं सांगावं.” नोकरी जाऊ शकते हे ठाऊक होतं, तरी म्हटलं. बाईंना वाटलं, सर कसले येतायत. मलाही तेच वाटलं होतं.

शुक्रवारी सर खरंच आले. पोरांच्या चिमुकल्या खुर्चीवर गुडघे दुमडून बसले. माणूस तसा वाईट नाही, पण पालकांना घाबरतो. गोड आवाजात म्हणाले, “उद्या एक काका येणार, औषध मारणार, मग त्या माशा झोपून जाणार.”

“म्हणजे मरणार?” मागून कोणीतरी विचारलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडून मदत मिळणार नव्हती.

“हो. मरणार,” सर म्हणाले.

मग तीच मुलगी उठली. बोट अजून सुजलेलं. “सर, चावली की ती माशी मरते. म्हणजे मला चावली ती मेलीच. मग बाकीच्यांनी काय केलंय?”

सर ताडकन उठले, मला खुणेने बाहेर बोलावलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, “हे असले प्रश्न शिकवता तुम्ही?”

“माशीचं मी शिकवलं, सर. प्रश्न तिचा आहे. आणि तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही. ती उभीच आहे आत.”

मला वाटलं, आता हा माणूस जिना उतरून निघून जाणार. पण ते आत गेले. परत त्याच खुर्चीवर बसले, रुमालाने मान पुसली आणि तिला म्हणाले, “काही नाही केलं गं त्यांनी.”

मी दारातूनच म्हणाले, “मग त्या काकांना आत्ताच फोन करा, सर. यांच्यासमोर.”