डब्याला न झेपलेली गाणी

आमच्या ह्यांनी तो डबा घरी आणला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. एक किलो मिठाईचा बॉक्स असतो ना, तेवढाच तो. म्हणे कॉम्प्युटर! हे मात्र एकदम खूश. "मूर्ती लहान पण कीर्ती महान," म्हणत त्यांनी तो टीव्हीच्या शेजारी ठेवला आणि त्याच्याकडे कौतुकाने बघत बसले. नायगावच्या आमच्या वन-रूम-किचनमध्ये जागेची मारामार होती, हे खरं. जुन्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळला होता आणि त्याचं ते भलंमोठं कॅबिनेट गॅलरीत गेलं होतं. त्यावर मी कोरफडीची कुंडी ठेवली होती.

पण त्या जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये माझ्या आईचा आवाज होता.

माझी आई जूचंद्र गावची. कुणाच्याही घरी हळद असली की तिला बोलावणं यायचंच. ती उभी राहिली की बाकीच्या बायका तिच्या मागून म्हणायच्या. शिकलेली नव्हती, पण गाणी किती येत होती त्याला गणती नाही. ती आमच्याकडे राहायला यायची तेव्हा मी तिला कॉम्प्युटरसमोर बसवून, माईक लावून एकेक गाणं म्हणून घ्यायचे. आधी ती लाजायची. माईककडे बोट दाखवून विचारायची, "यो ऐकतं का?" मग एकदा सुरू झाली की थांबायचं नाव नाही. आमच्यात हळदीचं गाणं मधे सोडत नाहीत. फोन वाजो, दूध उतू जावो, गाणं पुरं करायचं आणि मगच उठायचं. अर्धवट सोडलं तर नवऱ्यामुलाला बाधतं म्हणतात. कितीतरी गाण्यांमध्ये मागे माझ्या कुकरच्या शिट्ट्या आहेत, त्या तशाच राहिल्या.

मग तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. "हां" एवढा एक शब्द उरला. भूक लागली तरी हां, राग आला तरी हां. आणि अशातच माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. सगळ्या गावाच्या हळदीत गायलेल्या बाईने स्वतःच्या मुलाच्या हळदीत खुर्चीत मुकी बसायचं! भाऊ म्हणाला, "ताय, डीजे सांगतो ना, कशाला डोक्याला ताप करून घेतेस?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तुझ्या हळदीला आईचाच आवाज लागेल, डीजे गेला खड्ड्यात.

बोलून बसले खरी. जुन्या कॅबिनेटमधून डिस्क काढली आणि डबा उघडला, तर दोन्ही एकमेकांची तोंडंही बघायला तयार नाहीत. जुन्या डिस्कला हाताएवढी रुंद पट्टीची केबल लागायची आणि डब्यात होती बोटभर बारीक खाच. शिवाय डब्याच्या आतली स्वतःची डिस्क पत्त्यांच्या जोडाएवढी, आणि ही माझी पाटा-वरवंट्यातल्या वरवंट्यासारखी जड. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

स्टेशनजवळच्या दुकानात गेले. दुकानदाराने डिस्क उलटीपालटी केली. "मॅडम, टाइप जुना आहे, नाय लागणार. कन्व्हर्टर घ्या." घेतला. घरी येऊन लावला. स्क्रीनवर काही नाही. परत गेले. म्हणाला, मागच्या बाजूची ती बारकी प्लास्टिकची टोपी आहे ना, ती एक घर बाजूला लावायची. अरे, मग हे पहिल्यांदाच सांगायला तोंड शिवलं होतं का? ती टोपी इतकी बारकी की नखात धरावी लागते. लावली. बटण दाबलं. डिस्क घुर्र करून फिरायला लागली, माझ्या जीवात जीव आला, आणि टक्! डबा बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा घुर्र, पुन्हा टक्.

"त्याचा अडॅप्टर त्याच्यापुरताच आहे गं," हे म्हणाले. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" म्हणी सुचतात बरोब्बर! मी म्हटलं, हा आड विकत कुणी आणला?

शेजारच्या वहिनींकडे जुन्या प्रकारचा मोठा कॉम्प्युटर होता. त्यांना हातापाया पडून विचारलं. त्या म्हणाल्या, "नको बाई, तुमच्या डिस्कमधले व्हायरस आमच्याकडे येतील. मुलाची बारावी आहे." व्हायरस म्हणजे जणू कांजिण्या! नाक्यावरच्या सायबर कॅफेवाल्याचंही तेच रडगाणं. दुकानदार म्हणाला, ठेवून जा, मुंबईला पाठवतो, वेळ लागेल. हळद तोंडावर आलेली आणि मी आईचा आवाज कुरियरने मुंबईला पाठवू? मी डिस्क पर्समध्ये घातली आणि तरातरा घरी आले. त्या दिवशी मी खरंच रडले. इतका राग आला होता की भाजीची कढई आपटली, ती अजून वाकडी आहे.

कढई आपटल्यावर गॅलरीत गेले आणि समोर ते कॅबिनेट दिसलं. मदरबोर्ड जळला होता, पण त्याचा पॉवर सप्लाय तर धड होता! कोरफड उतरवली, कॅबिनेट, डबा, डिस्क सगळं रिक्षात घातलं आणि पुन्हा दुकानात जाऊन बसले. म्हटलं, डिस्कला करंट याचा द्या आणि वायर त्या डब्याला जोडा, तोवर मी इथून हलत नाही. दुकानदार आधी नाही म्हणाला, मग गिऱ्हाइकं खोळंबली तेव्हा वैतागून त्याने ते केलं. एका बाजूला मिठाईचा बॉक्स, दुसऱ्या बाजूला त्याला पोसायला आणलेलं धूड. पण डिस्क फिरली, आणि फिरतच राहिली. आईची सगळी गाणी डब्यात उतरली. त्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, आईचा आवाज आला: "यो ऐकतं का?"

हळदीच्या दिवशी डबा पिशवीत घालून जूचंद्रला नेला. त्याचा तेवढाच काय तो गुण. दारातल्या मांडवात स्पीकर लावले. आईला नवी साडी नेसवून भावाच्या समोर खुर्चीत बसवलं. पहिलं गाणं सुरू झालं तशा बायका दचकल्या, आईकडे बघायला लागल्या, मग हळूहळू मागून म्हणू लागल्या. आई नुसती ऐकत होती. चेहरा दगडासारखा. मला वाटलं, चुकलंच आपलं, उगाच तिच्या जखमेवर मीठ चोळलं.

तिसरं गाणं चाललं होतं. "हलद लागली गालाला, पानी आना गो..."

टक्.

मागच्या पडवीत कुणीतरी टाकीत पाणी चढवायला मोटर लावली होती. व्होल्टेज पडलं. पंखा फिरत होता, दिवे मिणमिणत होते, फक्त माझा डबा मेला होता. बायका थांबल्या, त्या तर आवाजाच्या मागून म्हणत होत्या. भावाच्या गालावरचा हळदीचा हात तसाच राहिला. मी "मोटर बंद करा रे, मेल्यांनो!" असं ओरडत उठले.

आणि खुर्चीतून आवाज आला. घोगरा, फाटलेला, पण सुरातला. "...तल्याचं."

आई भावाकडे बघत होती आणि तिचा डावा हात मांडीवर ताल धरत होता. "पानी आना गो तल्याचं," तिने ओळ पुरी केली, पुढचं कडवंही म्हटलं, गाणं संपवलं आणि मान खाली घातली. भाऊ हळदीच्या अंगाने उठला आणि तिच्या पायाशी जाऊन बसला. मी वायर हातात धरून तिथेच उभी.

हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "रेकॉर्ड झालं का गं?" बंद पडलेल्या डब्यात? मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते जेवणाच्या पंगतीकडेच निघून गेले.

त्यानंतर डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, होतं असं कधीकधी, बोलता न येणारा माणूस गाऊ शकतो, प्रयत्न करत राहा. म्हणून आई आमच्याकडे आली की मी माईक लावायचे, तेच गाणं सुरू करायचे आणि "पानी आना गो" झालं की मुद्दाम बंद करायचे. श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. ती माझ्याकडे बघायची. समोर नवरामुलगा नाही, हळद नाही, म्हणजे गाणं पुरं करायची तिला निकड नव्हती; ही पोरगी ते मधेच का तोडते, एवढाच तिच्या डोळ्यांत राग असायचा. मग ती डाव्या हाताने डब्याकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, "हां."

मी मुकाट्याने गाणं परत सुरू करायचे आणि ते संपेपर्यंत आम्ही दोघी बसून राहायचो.